पेडल स्टील आणि इलेक्ट्रिक गिटार एकत्र धरले की गंधार का थरथरतो?

तारवाला_इंदूर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, पण अर्धा सांगितला तर उत्तरही अर्धंच मिळेल, म्हणून सगळं लिहितो.

मी इंदूरला रामचंद्र नगरात राहतो. पंचवीस वर्षं इलेक्ट्रिक गिटार वाजवतोय. माझा शाळेपासूनचा मित्र कॅनडात असतो, त्याने दोन वर्षांपूर्वी तिकडे एक जुनं पेडल स्टील घेतलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: पायांवर उभं राहणारं, अरुंद टेबलासारखं वाद्य. दहा तारा, पडदे नाहीत, पट्टीवर नुसत्या रेघा. डाव्या हातात गुळगुळीत पोलादी दांडा, उजव्या हाताच्या बोटांत नख्या, उजवा पाय आवाज कमीजास्त करायच्या पेडलवर. डावा पाय आणि दोन्ही गुडघे तारांचे सूर चढवण्या-उतरवण्यात गुंतलेले. मित्र म्हणतो, पहिले सहा महिने गाडी शिकल्यासारखेच गेले.

आता आम्ही दोघं मिळून एक अल्बम करतोय. पाच तुकडे, साधारण चाळीस मिनिटं, शब्द नाहीत, ठेका नाही. तो त्याच्या रात्री वाजवून फाइल पाठवतो, मी माझ्या रात्री त्यावर वाजवतो. मी अँपसमोर माइक लावतो, त्यामुळे अकरानंतरच बसता येतं. पहाटे करून पाहिलं, पण साडेसहाला कचऱ्याच्या गाडीचं गाणं गल्लीत शिरतं आणि थेट माइकमध्ये येतं.

अडलंय ते तिसऱ्या तुकड्यात. अकरा मिनिटांचा आहे, सा म्हणजे ई. सुरुवातीला तो पूर्ण ई मेजर धरून ठेवतो, सा, ग, प. मी टेलिकास्टरवर, म्हणजे माझ्या इलेक्ट्रिक गिटारवर, तोच कॉर्ड छेडतो, पण करंगळीने आवाजाचं बटण शून्यावर ठेवून मग हळूहळू उघडतो, म्हणजे तारेवरचा आघात ऐकूच येत नाही. त्याचा एकट्याचा ऐकला तर स्वच्छ. माझा एकट्याचा ऐकला तर स्वच्छ. दोन्ही एकत्र लावले की गंधार थरथरतो. खराब झालेल्या ट्यूबलाइटसारखा. मी घड्याळ लावून मोजलं, सेकंदाला साधारण तीन हेलकावे, थोडे जास्तच.

काय काय केलं ते सांगतो. तारा नव्या घातल्या. बाराव्या पडद्यावर सूर तपासला. कोरस, डिले सगळं काढलं. रीव्हर्ब काढला तर थरथर उघडी पडते, वाढवला तर पसरते. माझा ट्यूनर हिरवा दाखवतो, वाद्य सुरात लावलंय असं मित्रही शपथेवर सांगतो. हा अल्बम माणसाने दिवे मालवून, काही न करता ऐकावा अशी आमची इच्छा आहे, आणि पहिल्याच कॉर्डमध्ये अस्वस्थपणा बसलाय. तीन आठवडे झाले, मी पुढे सरकू शकलेलो नाही.

दुसरा, लहान प्रश्न: अशा संगीतात स्टील इतकी जागा घेतं की गिटारने नेमकं काय करायचं?

---

केबल_आणि_कान

आधी दोन साध्या गोष्टी तपासा. एकाचा प्रोजेक्ट ४४.१ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटवर (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) आणि दुसऱ्याचा ४८ वर असेल, आणि फाइल रूपांतर न होता उघडली गेली, तर सूर सरकतो. पण तो जवळजवळ दीड सेमीटोन (सेमीटोन म्हणजे गिटारच्या एका पडद्याचं अंतर) सरकेल, म्हणजे तुम्हाला लगेच कळलं असतं. त्यामुळे ते नसावं. दुसरं, दोघांचे ट्यूनर ४४० वर (म्हणजे ए हा सूर ४४० हर्ट्झ धरून) आहेत का ते विचारा. बरेच स्टीलवाले ई ४४० च्या हिशेबापेक्षा किंचित चढा लावतात, कारण पेडल दाबलं की ताण वाढून वाद्याचा सांगाडा केसभर वाकतो आणि बाकीच्या तारा उतरतात.

पण मग फक्त गंधारच का थरथरतो, हे मला सांगता येत नाही. सा आणि प स्थिर आहेत ना?

जाता जाता, त्याच्या पिकअपची घूं (विजेची गुणगुण) ६० हर्ट्झची असणार, आपल्याकडची ५० ची. चाळीस मिनिटांच्या शांत संगीतात दोन्ही ऐकू येतील. वाजवण्याआधीची काही सेकंदं कोरी रेकॉर्ड करून ठेवत जा, पुढे साफसफाईला लागतात.

---

तारवाला_इंदूर

सा आणि प अगदी स्थिर आहेत. ट्यूनर दोघांचेही ४४० वर आहेत, आत्ताच विचारलं. फक्त गंधार.

---

स्नेहलतागंज_हवाईयन

तुम्ही मोजून लिहिलंत, म्हणून उत्तर देणं सोपं झालं. तीनपेक्षा थोडे जास्त म्हणजे सव्वातीन. तुमच्या मित्राचं वाद्य सुरात आहे. तुमचंही आहे. पण दोन वेगवेगळ्या सुरांत आहे.

हिशेब मांडतो. तुमचा सा, वरचा ई, ३२९.६३ हर्ट्झ. त्याचा खरा गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे ४१२.०४. गिटारच्या पडद्यावरचा गंधार मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेला, तो ४१५.३०. फरक ३.२६. सेकंदाला तेवढेच हेलकावे. पंचमाचं तसं नाही, दोन्ही हिशेबांत तो जवळपास एकाच जागी पडतो, म्हणून तो तुम्हाला स्थिर वाटतो.

पेडल स्टीलला पडदे नाहीत. तारा कानाने जुळवतात, आणि कान दीर्घ आस असलेल्या वाद्यावर चढा गंधार सहन करत नाही. म्हणून बरेच स्टीलवाले गंधाराची तार ट्यूनरच्या हिरव्या खुणेपेक्षा मुद्दाम खाली ठेवतात. मित्राला विचारा, 'जी शार्पच्या, म्हणजे गंधाराच्या, तारा तू काट्यापेक्षा किती खाली ठेवतोस?' दहा ते पंधरा सेंटच्या (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) आसपास काहीतरी सांगेल.

मी पेडल स्टील वाजवलेलं नाही. मांडीवर ठेवायची हवाईयन गिटार मात्र १९७२ पासून वाजवतोय. तेव्हा ती घराघरांत होती. रेडिओवर दोन कार्यक्रमांमध्ये दोन-तीन मिनिटं उरली की हवाईयन गिटारवर सिनेमाच्या गाण्याची धून लावत, आणि मी हातातलं ताट तसंच ठेवून उभा राहायचो. त्याआधी १९६७ मध्ये शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' आली होती. ती मी ऐकली बऱ्याच उशिरा, पण गिटारवर राग मांडता येतो हे मला काबरांच्या त्या तबकडीने पटवलं. ते अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य, त्यामुळे मींड सगळी सरोदाच्या घरातली.

माझे गुरुजी गिटार शिकवायच्या आधी तंबोऱ्यासमोर बसवत. स्नेहलतागंजातल्या एका वाड्याच्या माडीवर, संध्याकाळी सहाला. तंबोरा प सा सा सा असा लावायचे, जवारीच्या दोऱ्यांवर (घोडीवर तारेखाली सरकवायच्या) दहा मिनिटं घालवायचे, आणि मग विचारायचे, 'गंधार ऐकू येतो का?' तंबोऱ्यात गंधाराची तारच नाही, तर ऐकू कुठून येणार! तिसऱ्या दिवशी मी खोटं सांगितलं, हो येतो. ते म्हणाले, 'म्हणून दाखव.' मी म्हटला. ते म्हणाले, 'हा पेटीचा आहे. घरी शिकून आलास. यातला म्हण.'

साधारण दोन आठवड्यांनी एका संध्याकाळी वीज गेली होती, पंखा बंद, खाली रस्त्यावरही शांत. खर्जाच्या तारेतून तो वर आला. कोणी न छेडता, आपोआप. मी म्हणत होतो त्याच्यापेक्षा चांगला खाली, आणि इतका निश्चल की मी आवाज लावायला घाबरलो. गायक मंडळी त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. खर्जाच्या तारेचा पाचवा अंश (तारेतून आपोआप निघणारा, पाचपट कंपनांचा सूर) तो, सा पासून दोन सप्तकं आणि एक गंधार वर. तुमच्या मित्राचा गंधार या घरचा आहे. तुमचा गंधार पेटीच्या घरचा आहे. दोघांना एका पाटावर बसवलंत की ते बोलणार.

आता उपाय. गिटारवर तार खेचून सूर चढवता येतो, पडद्याच्या खाली उतरवता येत नाही. म्हणून गंधार त्याला देऊन टाका. तुम्ही सा आणि प धरा. फार रितं वाटलं तर रिषभ घ्या. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही मला यातच दिसतं. ज्याच्याजवळ पडदे आहेत त्याने तंबोऱ्याचं काम करावं, ज्याच्याजवळ नाहीत त्याने गावं.

---

तारवाला_इंदूर

काका, रात्री दीड वाजता हे लिहितोय.

मित्राला फोन केला. तुमचं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं. दोन क्षण गप्प राहिला, मग म्हणाला, 'चौदा सेंट. मला वाटलं तुलाही माहीत असेल, म्हणून बोललो नाही.' तीन आठवडे!

मग मी गंधार सोडला. सहावी, पाचवी, चौथी तार, फक्त सा-प-सा, आणि वर दुसऱ्या तारेवरचा मोकळा पंचम. पहिल्या टेकमध्येच थरथर गेली. नुसती गेली नाही, त्याचा गंधार मोठा झाला. त्याने आवाज वाढवलेला नाही, फाइल तीच आहे, पण मी बाजूला झाल्यावर तो पुढे आला. मी हेडफोन काढून थोडा वेळ तसाच बसलो.

पण चार मिनिटं पन्नास सेकंदांवर पुन्हा अडलो. तिथे तो दांडा न हलवता पहिली दोन पेडलं एकत्र दाबतो. म्हणजे सा जागेवरच राहतो, ग चढून म होतो आणि प चढून ध होतो. या वाद्याची हीच जागा मला सगळ्यात आवडते. साध्या स्लाइडवर दांडा सरकवला की सगळ्या तारा सोबत सरकतात, सगळं घरच उचलून नेल्यासारखं. इथे एक सूर पाय रोवून उभा राहतो आणि दुसरे दोन त्याच्या अंगाखांद्यावरून वर चढतात. अशी मींड मी दुसऱ्या कुठल्या वाद्यात ऐकली नाही.

मी तिथे सा, म, ध धरले होते. गंधार कुठेच नाही. तरी हेलकावा आहे, या वेळी धैवतावर, जरा मंद, सेकंदाला अडीचेक. आता काय सोडू?

---

स्नेहलतागंज_हवाईयन

धैवत सोडा.

पेडल दाबल्यावर मध्यम हा नवा षड्ज झाला. त्याचा गंधार कोण? धैवत. त्या क्षणी तुमचा तंबोरा मध्यमावर लावलेला असता तर त्यातून आपोआप हाच धैवत ऐकू आला असता. हिशेबही जुळतो. मधल्या सप्तकातला तुमचा धैवत पडद्यावर २७७.१८, त्याचा २७४.७. फरक अडीच. म्हणजे गंधार नाहीसा झालेला नाही, त्याने घर बदललंय. मित्र पेडल दाबेल तेव्हा दर वेळी विचारायचं, आता षड्ज कुठे आहे, आणि त्याच्या तिसऱ्या सुरावरून बोट उचलायचं.

तुम्ही लिहिलंत ते, एक सूर उभा आणि दुसरे चढणारे, हे मी या वयात पहिल्यांदा नीट समजून घेतलं. माझ्या वाद्यावर दांडा तिरका धरून थोडंसं करता येतं, पण मोडकं. त्या चार-पन्नासच्या जागेची फाइल मला पाठवाल का?

---

देवासहून_ऐकते

मी ख्याल शिकते, वाजवत काहीच नाही, पण या प्रकारचं संगीत गेली दहा वर्षं ऐकतेय. दोघांचं बोलणं वाचून राहवलं नाही.

तारवालादादा, तुम्ही १९८३ चा ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनोचा 'अपोलो' हा अल्बम ऐकला असेलच. नसेल तर आज ऐका. त्यांचे भाऊ रॉजर ईनो आणि कॅनडाचे डॅनियल लान्वा यांच्याबरोबर केलेला. चांद्रमोहिमांवरच्या माहितीपटासाठी हे संगीत केलं होतं. अंतराळवीर सोबत ज्या कॅसेट घेऊन गेले त्यांत कंट्री गाणी पुष्कळ होती असं ईनोंना कळलं, आणि कंट्री म्हटलं की स्टील आलंच. म्हणून त्यात लान्वांचं पेडल स्टील आहे. नॅशव्हिलच्या गाण्यांत जे वाद्य दोन ओळींच्या मधल्या जागेत हळहळायचं, त्याला इथे ओळीच नाहीत. नुसती जागा आहे. 'डीप ब्लू डे' लावा, त्यात तुम्हाला हवं ते सापडेल. स्टील वर तरंगतं आणि खाली बाकी सगळे अगदी कमी बोलतात. योगायोग बघा, हे काम झालं ते लान्वांच्या हॅमिल्टनमधल्या स्टुडिओत, तुमच्या मित्राच्याच देशात. नंतर २००५ मध्ये त्यांनी 'बेलाडोना' केला, पूर्ण वाद्यसंगीत, स्टील मध्यभागी. आणि चक जॉन्सनचा २०१७ चा 'बाल्सम्स' तर रात्री दहानंतरच लावावा. त्यात एकेका सुराच्या शेपटावर पुढचा सूर असा येऊन बसतो की कुठे सुरू झाला ते सांगता येत नाही.

तुम्ही इंदूरचे आहात म्हणून हेही सांगते. आपल्या अमीर खाँसाहेबांची अतिविलंबित लयीतली रेकॉर्ड लावा. झुमरा, चौदा मात्रा, आणि एक आवर्तन इतकं लांब की नवख्याला समेची वाटच सापडत नाही. मला तिथे ते जे गातात त्याच्याइतकंच ते जिथे थांबतात ते महत्त्वाचं वाटतं. ते थांबले की तंबोरा पुढे येतो, आणि लक्षात येतं की तो सगळा वेळ तिथेच होता. तुमच्या गिटारने तसं असावं. स्टील थांबेपर्यंत ती आहे हे कळूच नये.

एका बाबतीत मात्र काकांशी थोडी असहमत आहे, त्यांनी रागावू नये. थरथर सगळीकडून पुसू नका. अकरा मिनिटांत एकदाही दोन सूर एकमेकांना घासले नाहीत तर कान झोपतो. मला वाटतं, दोघंही गंधार खालच्या सप्तकात एकत्र धरा, एकदाच. तिथे हेलकावा निम्म्यावर येईल, सेकंदाला दीड-पावणेदोन. तो ट्यूबलाइटसारखा नाही वाटणार, श्वासासारखा वाटेल. मग तुमचा गंधार हळूच काढून घ्या आणि त्याचा एकटा राहू द्या. निश्चल म्हणजे काय ते तेव्हा ऐकणाऱ्याला कळेल, आधी हललेलं ऐकल्यामुळे.

---

स्नेहलतागंज_हवाईयन

रागावायचं काय त्यात, ताई. बरोबर आहे तुमचं. गुरुजी तंबोरा लावताना तार आधी उतरवून मग चढवत आणायचे, आणि दोन तारा मिळायच्या आधीचा तो हेलकावा आम्हाला ऐकायला लावायचे. मिळाल्यावर काय झालं ते त्याशिवाय कळलं नसतं.

फक्त एक काळजी घ्यावी. दोघंही खरंच त्याच सप्तकात हवेत. गिटार खाली आणि स्टील वर असं केलंत तर गिटारच्या खालच्या सुराचा दुसरा अंश वर जाऊन स्टीलशी भांडेल, आणि हेलकावा पुन्हा सव्वातीनचाच होईल, फक्त बारीक.

---

केबल_आणि_कान

हे धागे वाचून मी माझे दोन जुने मिक्स उघडून बसलोय, त्यांतही तीच थरथर आहे. मी ती कोरसने लपवली होती.

एक सुचवतो. स्टील आणि गिटार अगदी डावी-उजवीकडे टाकू नका. अशा संगीतात तसं केलं की दोन माणसं दोन कोपऱ्यांत बसल्यासारखी वाटतात. दोन्ही मधोमधच्या जवळ ठेवा आणि दोघांना एकच रीव्हर्ब द्या, वेगवेगळे नको. गिटार मात्र त्यात जरा जास्त बुडवा, म्हणजे ती मागे जाईल.

---

तारवाला_इंदूर

सगळं करून पाहिलं. चार रात्री लागल्या.

चार-पन्नासला मी धैवत सोडला. आता तिथे फक्त सा आणि म. मित्र पेडल दाबतो तेव्हा माझ्याकडून काहीच बदलत नाही, म फक्त आधीच येऊन थांबलेला असतो. तो ग वरून चढत येतो आणि माझ्या म ला येऊन मिळतो. त्या भेटीच्या आधी सेकंदभर दोन्ही सूर शेजारी असतात आणि घासतात, मग एक होतात. हे आम्ही ठरवून केलेलं नाही. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी रात्री दोनला त्याला फोन लावला. तिकडे दुपार होती, तो ऑफिसात होता, त्याने जिन्यात जाऊन ऐकलं.

ताई, तुमचं सात मिनिटं चाळीस सेकंदांवर ठेवलंय. दोघांचाही गंधार खालच्या सप्तकात, माझा चौथ्या तारेच्या सहाव्या पडद्यावर. वीस सेकंद धरला. हेलकावा मोजला, दहा सेकंदांत सोळा. मग करंगळीने माझा बंद करत नेला. शेवटी त्याचा एकटा उरतो. आधी तो मला फक्त स्वच्छ वाटायचा. आता वाटतं की खोलीतली सगळी भांडी हलायची थांबली.

रीव्हर्ब एकच केला. घूं अजून आहे, ५० आणि ६० दोन्ही, ती पुढच्या आठवड्यात बघतो.

काका, फाइल पाठवली आहे. पण हेडफोनवर ऐकू नका. माझ्याकडे खोलीत मोठे स्पीकर आहेत, आणि स्नेहलतागंज काही लांब नाही. रविवारी रात्री अकरानंतर याल का? मी घ्यायला येतो. तुमची हवाईयन गिटारही घेऊन या. पाचव्या तुकड्यात सहा मिनिटं आम्ही रिकामी ठेवली आहेत, तिथे काय वाजवावं ते आम्हाला सुचलेलं नाही.

---

स्नेहलतागंज_हवाईयन

येतो. तारा बदलायला हव्यात, आजच आणतो. पाचव्या तुकड्याचा सा कुठला ते तेवढं कळवा, आणि मित्राला म्हणावं, त्यातही गंधार चौदा खालीच ठेव.